लशोन हारा टाळायचं म्हणजे नक्की काय करायचं? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

नवीन माणसाची पहिली चूक ठरलेली असते, त्याला वाटतं हा ज्यू नियम खोटं न बोलण्याबद्दल आहे. नाही हो. खोटंनाटं रचून कुणाला बदनाम केलं तर त्याला वेगळं नाव आहे, मोत्सी शेम रा, आणि ते वाईट हे शेंबड्या पोरालाही कळतं. लशोन हारा म्हणजे खरं बोलून केलेलं नुकसान. शेजारच्या काकूंचा मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला हे खरंच आहे, आणि ते तुम्ही मेथी निवडता निवडता तिसरीला सांगितलंत, की झालं लशोन हारा. "पण मी खोटं काय बोलले?" हे आपल्याकडे बचाव म्हणून म्हणतात, इथे तोच कबुलीजबाब धरतात.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातली. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, वगैरे कुणी नाही. बरीच वर्षं हे पाळायचा प्रयत्न करतेय आणि पुष्कळदा तोंडावर आपटलेय, त्यातला एक पराक्रम शेवटी सांगतेच. इथे सुरुवात कुठून करायची एवढंच आहे, बारीक धार्मिक प्रश्न पडला तर जाणकाराला गाठा.

आधी याचा सुटकेशी काय संबंध ते

लशोन हारा टाळलं नाही तर गेउला अडते, असं आमच्याकडे सांगतात. गेउला म्हणजे सुटका, उद्धार. पण आपल्या डोक्यात मोक्ष असतो तसा एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा एकत्र आणि याच जगातला, विखुरलेले परत येतील, यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहील असा. आता आजीच्या पिढीत ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या ९ तारखेला बिरड्याचा सण म्हणायचे. नाव सणाचं आणि दिवस कडक उपासाचा, त्याआधीचे दिवस मटण-कोंबडी बंद, घरात वालाचं बिरडं, म्हणून ते नाव. लहानपणी मला एवढंच माहीत की या दिवशी मंदिर पाडलं आणि पाडलं रोमन लोकांनी, इसवी सन ७० मध्ये. मोठेपणी कळलं की तालमूद, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, रोमनांवर फार वेळ घालवतच नाही, तो विचारतो की आपलं काय चुकलं. त्याच्याही आधीचं पहिलं मंदिर गेलं मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात या तीन पापांमुळे, ठीक, पण दुसऱ्या मंदिराच्या काळात तर लोक तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, शिकत होते, दानधर्म करत होते, मग ते का गेलं? उत्तर दिलंय, सिनात खिनाम, विनाकारण केलेला द्वेष, आणि तो त्या तिन्ही पापांच्या तोडीचा.

त्यावरची गोष्ट अगदी लग्नकार्यात घडेल अशी आहे. यरुशलेममधल्या एकाने आपल्या दोस्ताला, कम्त्झाला, जेवायला बोलावणं पाठवलं, नोकर नावात गोंधळला आणि घेऊन आला बार कम्त्झाला, म्हणजे यजमानाच्या वैऱ्याला. यजमान म्हणाला ऊठ. बार कम्त्झा म्हणाला, आलोच आहे तर राहू दे, माझ्या जेवणाचे पैसे देतो. नाही. अर्ध्या मेजवानीचे देतो. नाही. सगळ्या मेजवानीचे देतो. नाही, आणि हाताला धरून बाहेर. पंगतीत विद्वान रब्बी बसले होते, कुणी चकार शब्द काढला नाही. तो चिडून थेट रोमन बादशहाकडे कागाळी घेऊन गेला की ज्यू बंड करतायत, पटत नसेल तर अर्पणासाठी जनावर पाठवून बघा. बादशहाने वासरू पाठवलं आणि वाटेत याने त्याला व्यंग केलं, म्हणजे ते अर्पणाला चालणारच नाही. ते नाकारलं गेलं, बादशहाला बंड खरं वाटलं, आणि तिथून मंदिर गेलं. व्यंग कुठे केलं? तालमूद म्हणतो वरच्या ओठाला, काही म्हणतात डोळ्यात. मला ओठच पटतो, का ते सांगायला नको.

हाफेत्झ हाईम (खरं नाव रब्बी इस्राएल मेइर कागान, १८३८ ते १९३३, राहणार रादिन, जे आता बेलारूसमध्ये येतं) यांनी १८७३ मध्ये या एका विषयावर अख्खा ग्रंथ काढला, तोही आधी नाव न घालता, आणि पुढे ग्रंथाचं नावच माणसाला चिकटलं. प्रस्तावनेत त्यांचा हिशोब सरळ आहे. विनाकारण द्वेषात लशोन हारा आलंच, आणि उभी इमारत पाडायची ताकद ज्या पापात आहे ते नवी बांधूही देणार नाही. म्हणजे गेउला कुठे अडकलीय, तर आपल्या जिन्यात, आपल्या ओट्यापाशी.

इजिप्तमधली सुटकाही अशीच सांगतात. मोशेने मारहाण करणाऱ्या इजिप्शियनाला ठार मारलं, दुसऱ्या दिवशी दोन इब्री माणसं भांडताना दिसली, सोडवायला गेला तर एक म्हणतो, काल त्याला मारलंस तसं मलाही मारणार का? मोशे घाबरला, म्हणाला, म्हणजे गोष्ट फुटली तर. राशी नावाचे मध्ययुगातले भाष्यकार त्यावर मिद्राशचा, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथा-भाष्याचा, अर्थ देतात की मोशेला तेव्हा उलगडलं, हे लोक गुलामीत का आहेत, कारण यांच्यात चहाडखोर आहेत. आणि पुढे सुटले ते कशामुळे, तर एका मिद्राशात चार कारणं दिलीत, नावं बदलली नाहीत, भाषा बदलली नाही, व्यभिचार केला नाही आणि एकमेकांची चहाडी केली नाही. निघताना इजिप्शियनांकडून सोन्याचांदीच्या वस्तू मागून घ्यायच्या हे त्यांना बारा महिने आधी माहीत होतं म्हणे, आणि अख्ख्या समाजातून एकानेही ते बाहेर फोडलं नाही. बारा महिने! आमच्याकडे साखरपुड्याची तारीख बारा तास टिकत नाही.

पहिली पायरी: नावं ओळखा

हे कंटाळवाणं वाटेल पण करा, कारण नाव माहीत असलं की बोलता बोलता मध्येच टोचतं. लशोन हारा आणि मोत्सी शेम रा झालं. रेखिलुत म्हणजे इकडचं तिकडे करणं, "ती तुझ्याबद्दल काय म्हणाली माहितीय का?" ही लावालावी. तोरात लेवीय १९:१६ मध्ये जे सांगितलंय ते हेच, आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नकोस, आणि तिथल्या हिब्रू शब्दाचं नातं फेरीवाल्याच्या शब्दाशी जोडतात. बोहारीण डोळ्यांसमोर आणा, या दारचं घेते त्या दारी देते, फरक इतकाच की तिच्या बदल्यात निदान पातेलं तरी मिळतं. ओनाअत देवारिम म्हणजे तोंडावर बोलून दुखावणं, जुनं उकरून काढणं, टोमणे. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करून त्याचा चेहरा पांढरा पाडला तर तालमूद त्याला रक्त सांडण्याच्या रांगेत बसवतो.

आणि मग अवाक लशोन हारा, म्हणजे लशोन हाराची धूळ. यात सगळेच पडतात असं तालमूदच म्हणतो. "जाऊ दे बाई, मी काही बोलत नाही, बोलले तर वाईट" ही धूळ. जास्तीचं कौतुकही धूळ. रब्बी यहूदा हानासी एकदा स्तोत्रांची प्रत बघून म्हणाले, काय सुंदर अक्षर आहे. मुलगा म्हणाला, मी नाही लिहिलं, यहूदा शिंप्याने लिहिलंय. वडील म्हणाले, सोड ते लशोन हारा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही कळेना यात वाईट काय बोलला तो. पण आपल्याकडे "तिची पुरणपोळी काय मऊ असते" असं चार बायकांत म्हणून बघा, एक मिनिटाच्या आत कुणीतरी "हो, पण" म्हणतं की नाही ते.

दुसरी पायरी: एक तास बांधून घ्या

"आजपासून कुणाबद्दल वाईट बोलणार नाही" असली प्रतिज्ञा करू नका, दुपारच्या चहापर्यंत मोडते आणि मग आपण सगळंच सोडून देतो. रोजचा एक ठरलेला तास धरा, त्या तासात लशोन हारा बोलायचं नाही आणि ऐकायचं नाही. बऱ्याच ज्यू बायका गटाने असे तास वाटून घेतात, एकीचा दहा ते अकरा, दुसरीचा अकरा ते बारा, आणि कुणी आजारी असेल तर तिच्या नावाने धरतात. आता तास कुठला? लोक हुशारी करून पहाटेचा घेतात, ज्या वेळी बोलायला घरात मांजरही नसतं. ते नको. सुरुवातीला पंधरा मिनिटंच घ्या पण खऱ्या गप्पांच्या वेळेतली घ्या. माझे ऑफिसच्या डब्याचे होते, पहिले आठ-दहा दिवस मी नुसती खाली मान घालून जेवले आणि एक जण विचारायला लागली, बरं नाही का गं.

सोबत रोज हाफेत्झ हाईमांच्या त्या ग्रंथातले दोन छोटे नियम वाचा, पाच मिनिटं लागतात. आणि प्रार्थना करत असाल तर एक गोष्ट तुमच्याकडे आधीपासूनच आहे. रोज तीनदा आमिदाच्या, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या, शेवटी म्हणतो ते, एलोहाय नेत्सोर लशोनी मेरा, माझ्या देवा, माझी जीभ वाइटापासून सांभाळ. आधीच्या सगळ्या आशीर्वचनांत आरोग्य मागितलं, पाऊस मागितला, यरुशलेम मागितलं, आणि पुस्तक मिटायच्या आधी जीभ. मी कित्येक वर्षं ते गाडी पकडायच्या घाईत म्हणत होते.

तिसरी पायरी: कान

ही मला सगळ्यात मोठी वाटते, जिभेपेक्षाही. लशोन हारा तिघांना मारतं असं तालमूद म्हणतो, बोलणाऱ्याला, ऐकून खरं धरणाऱ्याला आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याला, आणि राम्बाम, म्हणजे मध्ययुगातले मोठे धर्मशास्त्री मैमोनिदेस, म्हणतात की खरं धरणाऱ्याचं जास्त जातं. आपण मात्र "मी कुठे काही बोलले, मी नुसतं ऐकत होते" म्हणून हात झटकतो. तालमूदात एक गंमत आहे, बोटं खुंटीसारखी निमुळती का? नको ते कानावर आलं तर कानात घालता यावीत म्हणून. आणि कानाची पाळी मऊ का? तीच वाकवून भोक बंद करता यावं म्हणून. जिभेचंही तसंच, ती आत ठेवलीय आणि बाहेर दोन भिंती बांधल्यात, एक हाडाची, एक मांसाची, म्हणजे दात आणि ओठ. आपण जिभेला हाड नाही म्हणतो, तर बंदोबस्ताला हाड बाहेर उभं केलंय, तरी उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता सासूबाई सांगत असताना कानात बोटं घालता येत नाहीत, हे मान्य. तेव्हा विषय बदला, आणि त्यासाठी प्रश्न आधीच तयार ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. स्वयंपाकाचा प्रश्न सर्वात उत्तम, समोरच्याला ज्यात गती आहे असा, माणूस लगेच तिकडे वळतो. उपदेश अजिबात करू नका. "हे लशोन हारा आहे हां" असं चारचौघांत म्हणालात तर तुम्ही स्वतः ओनाअत देवारिम केलंत, वर लोक तुम्हाला टाळतील ते वेगळंच. काहीच जमलं नाही तर निदान मनात खरं धरू नका, त्या माणसाची बाजू काय असेल ती शोधा. पिर्के आवोत या रब्बींच्या सुवचनांच्या ग्रंथात सांगितलंय की प्रत्येकाला तोलताना पारडं त्याच्या बाजूला झुकवा. आपलं पोर अभ्यास करत नाही तेव्हा ते दमलेलं असतं, शेजारचं असलं की आळशी, ते बाब्या आणि कार्टं.

पण खरं धरायचं नाही म्हणजे डोळे मिटायचे असं नव्हे. बाबेलच्या राजाने यहूदावर कारभारी म्हणून नेमलेला गदल्या, त्याला लोकांनी येऊन सांगितलं की इश्माएल तुला मारायला आलाय. गदल्या म्हणाला, तू त्याच्याबद्दल खोटं बोलतोस. भला माणूस. इश्माएलने जेवणाच्या वेळी त्याला मारलं, बरोबरच्यांनाही मारलं, आणि त्याचा उपास आजही नव्या वर्षाच्या सणानंतर लगेच, तिश्रीच्या ३ तारखेला असतो. तालमूद गदल्यालाही दोष देतो. बातमी पक्की मानू नकोस पण सावध तर राहा. दाराला कडी लावायला कुणाला चोर म्हणावं लागत नाही.

फोनचं वेगळं काय सांगू

हाफेत्झ हाईम यांनी स्पष्ट लिहिलंय की लिहून केलं, खुणेने केलं, तरी तेच. म्हणजे स्क्रीनशॉट पुढे ढकलणं हे चक्क रेखिलुत आहे. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या तरी फोटोखाली तो डोळे फिरवणारा इमोजी टाकणं हेही. दोघींनी वेगळा ग्रुप काढणं "फक्त आपल्यात" म्हणून, हे तर विचारूच नका, मी त्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्याबद्दलही तिथे बोलणं झालं असणार, आता ते खरं धरायचं नाही म्हणून गप्प बसलेय. आणि "नवऱ्याला सांगितलं तर चालतं ना" हे सगळ्याच विचारतात. मूळ नियमात नवरा-बायको असा काही अपवाद नाही. मन फारच जड झालं असेल, कुणाशी तरी बोलल्याशिवाय झोप येणार नाही असं असेल तर मोकळं व्हायला बऱ्याच रब्बींनी वाट ठेवलीय, पण ती वाट रोजच्या फिरण्याची नाही.

चौथी पायरी: बोलायलाच हवं तेव्हा

हे नीट वाचा, कारण इथे लोक भलत्याच बाजूला चुकतात. त्याच वचनाचा, लेवीय १९:१६ चा, दुसरा अर्धा भाग आहे की शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना नुसता उभा राहू नकोस. कुणी मुलांना त्रास देतंय, कुणी बायकोला मारतंय, कुणी म्हाताऱ्यांचे पैसे लुबाडतंय, तिथे "लशोन हारा होईल" म्हणून गप्प बसणं म्हणजे पहिल्या अर्ध्याच्या नावाखाली दुसरा अर्धा मोडणं. आणि त्रास झालेल्या माणसाला हे वचन दाखवून गप्प करणारे तर अजूनच वाईट, हे माझं मत.

अशा उपयोगाच्या बोलण्याला तोएलेत म्हणतात, आणि हाफेत्झ हाईम यांनी त्याला सात अटी घातल्यात. स्थळाच्या चौकशीवर लावून बघू, कारण तिथेच आपल्याला रोज लागतात. कुणी विचारलं, मुलगा कसा आहे? तुम्ही स्वतः बघितलंय का, की कुणाकडून ऐकलंय? बघितलं असेल तर ते खरंच वाईट आहे का, की तुम्हाला आवडत नाही एवढंच? त्याच्याशी आधी नीट बोलून बघितलंत का? (धोक्याच्या बाबतीत आधी त्याला सावध करत बसू नका, हे उघड आहे.) तिखटमीठ लावायचं नाही. हेतू मुलीचं भलं हाच हवा, जुना हिशोब चुकता करायचा नाही, आणि ही अट सर्वात अवघड, कारण आतून थोडी मजा वाटत असते. त्याचं नाव खराब न करता दुसऱ्या मार्गाने काम होतंय का? आणि शेवटी, न्यायसभेत साक्ष देऊन त्याचं जेवढं नुकसान झालं असतं त्यापेक्षा जास्त तुमच्या बोलण्याने व्हायला नको. तो दारू पितो हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय तर सांगा, सांगितलंच पाहिजे. त्याच्या आईला मराठी शाळेत किती मार्क होते ते नको.

पाचवी पायरी: घसरल्यावर

घसरणारच. मिर्यामही घसरली, मोशेची सख्खी बहीण, जिने त्याला लव्हाळ्याच्या पेटीत सांभाळलं, ती अहरोनशी मोशेबद्दल बोलली, तिच्या अंगावर त्साराअत, म्हणजे कातडीचा रोग, उठलं आणि ती सात दिवस छावणीबाहेर राहिली. आणि ती परत येईपर्यंत सगळे लोक थांबले, पुढे निघालेच नाहीत, हा भाग मला नेहमी बरा वाटतो.

तशुवा, म्हणजे मागे फिरणं, यात देवाशी संबंधित भाग असा की चूक कबूल करा, वाईट वाटू द्या, पुन्हा न करायचं ठरवा. पण माणसाविरुद्ध केलेलं योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, धूत नाही, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय. मिश्नाने, म्हणजे तालमूदाच्या जुन्या गाभ्याने, हे सरळ सांगितलंय. तीनदा माफी मागा, त्यापुढे तुमच्याकडून सुटलं. खोटी बदनामी केली असेल तर माफ करायचं बंधन समोरच्यावर नाही, हेही लक्षात ठेवा. आता त्या माणसाला काहीच माहीत नसेल तर? हाफेत्झ हाईम म्हणतात जाऊन सांगा आणि माफी मागा. रब्बी इस्राएल सलांतर यांना ते पटलं नाही असं सांगतात, तुमचं ओझं उतरवायला त्याला नव्याने का दुखवायचं? मी सलांतरांच्या बाजूची, पण तुमच्या बाबतीत जाणकाराला विचारा.

माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता, कारण पोचलं होतं. तर तो पराक्रम. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला आम्ही एका नातेवाइकांकडे जमलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एलियाहू हन्नाबी म्हणजे एलीया संदेष्टा, जो गेउलाच्या आधी येऊन आईबापांची मनं मुलांकडे आणि मुलांची आईबापांकडे वळवणार, आणि त्याच्या नावाने आम्ही पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं, वेलची, सुकामेवा असा मलिदा करून बाजूने फळं लावतो. मी केळी मांडत होते आणि मांडता मांडता म्हणाले, "वहिनींचा मलिदा बघा, नेहमी कोरडा, नारळ मोजून घालतात." चौघी हसल्या. खरंच होता कोरडा. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीची मेंदी होती, तिथे मलिदा बाहेरून मागवलेला. वीस-पंचवीस वर्षं स्वतःच्या हाताने करणारी बाई. मी कारण विचारलं तर जी हसलेली त्यातलीच एक म्हणाली, "अगं, तूच नाही का म्हणाली होतीस."

हन्नाबीच्या ताटासमोर बसून बोलले होते मी ते.

एलुल महिन्यात, दरफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, दहा-बारा दिवस असताना गेले त्यांच्याकडे. फोन करून गेले नाही, फोनवर माफी उरकली असती. दारातच सांगितलं, वहिनी, मी तुमच्या मलिद्याबद्दल बोलले होते, चुकलं माझं. त्या बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिल्या, चौकोनी, मग आणखी छोटा चौकोन. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं होतं गं. आता माफ आहे. आत ये, चहा ठेवते." मी बसले, दूध तापायला ठेवलं त्यांनी, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं झालं आलीस, त्या पनवेलवाल्यांचं कळलं का तुला, सुनेने काय केलं ते?"

माझा तास चालू होता. मी म्हटलं, "वहिनी, मलिद्याचे पोहे किती वेळ भिजवता हो तुम्ही?"

त्या गॅस बारीक करून वळल्या. "भिजवायचेच नाहीत. नुसते धुवायचे आणि चाळणीत निथळत ठेवायचे. कोरडे वाटले पाहिजेत हाताला."